काड्या, बांगड्या आणि ‘शेजारी’ : कॅन्सरनंतर उरलेल्या दुखण्यांवर हसणारी आमची टोळी

जुनी_इंदूरकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज घर शांत आहे तर लिहूनच टाकते, लांबेल, सांभाळून घ्या.

गोष्ट मागच्या रविवारची. आमची पाच-सहा जणांची टोळी आहे, एरवी आम्ही पिपल्यापाल्याला रीजनल पार्कात भेटतो पण त्या दिवशी सकाळपासून पाऊस, म्हणून सगळे आमच्याकडे राजेंद्रनगरला आले. मी पोहे केले होते, आपले इंदुरी, वाफेवरचे, बडीशेप घालून, जीरावण वेगळ्या वाटीत कारण दोघांना तिखट अजिबात सोसत नाही. सगळे खायला लागले तसे गप्प झाले आणि त्या शांततेत नानांच्या पोटाकडून भलामोठा आवाज आला. नानांना मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर झाला होता, तेव्हापासून पोटावर डाव्या बाजूला स्टोमा आहे, म्हणजे शौच बाहेर यायला केलेलं तोंड, आणि त्यावर पिशवी, कायमची. त्याला ना दुखायची जाणीव असते ना आवरून धरायची सोय, त्याला वाटेल तेव्हा तो बोलतो. नाना त्याला ‘शेजारी’ म्हणतात. तर नानांनी चमचा खाली ठेवला आणि एकदम गंभीर आवाजात म्हणाले, “शेजारी म्हणतायत पोहे छान झालेत, कांदा तेवढा जास्त पडला.”

आम्ही इतके हसलो की काड्यावाल्या काकांना ठसका लागला. अण्णांचं स्वरयंत्र काढलंय त्यामुळे त्यांचं हसणं ऐकू येत नाही, फक्त दिसतं, खांदे गदगदा हलतात आणि गळ्याच्या भोकावरचा रुमाल फुरफुरतो. आणि दारात माझी सून चहाचा ट्रे घेऊन उभी. तिचा चेहरा असा उतरला होता की मला पटकन हसू आवरावं लागलं.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, “आई, एखाद्याच्या आजारावर असं हसतात का? नानांना काय वाटलं असेल?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं हो. माझ्या २०१६ च्या किमोत रात्र रात्र बादली धरून बसलेली मुलगी आहे ती, तिला मी काय सांगणार. मला नीट सांगताच आलं नाही, तेच इथे मांडायला आलेय.

माझं उजव्या बाजूचं, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग किमो, मग रेडिएशन. रिपोर्ट चांगले आले, घरी पेढे वाटून झाले. दीड वर्षानं एका सकाळी उजव्या हाताची अंगठी निघेना. साबण लावला, दोरा गुंडाळला, शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घेतली. लिम्फेडेमा म्हणतात त्याला, काखेतल्या गाठी गेल्या की हातातलं पाणी वर यायची वाट अरुंद होते आणि ते साचत राहतं. जायचं नाही ते, सांभाळायचं. सकाळी घट्ट स्लीव्ह चढवायची, रात्री काढायची, टेपनं माप घ्यायचं. आणि भेटणारा प्रत्येक जण विचारतो, “आता एकदम बरी आहेस ना?” मी हो म्हणते. दुसरं काय म्हणणार, त्यांना तेवढंच ऐकायचं असतं आणि मायेनं विचारतात, त्यांचं मन कशाला मोडा.

ही टोळी भेटली अवंतिका एक्स्प्रेसमध्ये. इंदूरहून मुंबईला चेकअपला जाताना आमच्या डब्यात आठातल्या चार बर्थवर परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फाइली निघाल्या. आधी कोणी बोलेना, मग काका म्हणाले, “म्हणजे परळ सोसायटीचेच सगळे.” त्या रात्री आम्ही किती हसलो म्हणून सांगू, वरच्या बर्थवरचा मुलगा रागावला शेवटी. कित्येक महिन्यांनी मी कोणाशी तरी ‘बरी आहे’ न म्हणता बोलले होते.

तर मला विचारायचंय, तुमच्यापैकी कोणाची अशी मंडळी आहेत का? आणि घरच्यांना हे कसं समजावता?

तिळगूळ_दोन_सहा

ताई, मी पण त्याच डब्यात होते, लोअर बर्थ, आठवतंय ना! लोकहो, हिनं बांगड्यांची गोष्ट सांगितली नाही म्हणून मी सांगते.

मलाही लिम्फेडेमा आहे, माझा डावा हात. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी बांगड्या घ्यायला राजवाड्याजवळ गेले, दुकानदारानं सवयीनं दोन-सहाचा डबा काढला. उजव्या हातात सर्रकन गेल्या, डाव्या हातात अंगठ्याच्या गाठीवरच अडल्या. तो चांगला माणूस होता, म्हणाला दोन-दहा देतो, पण मग उजव्या हातातून त्या खाली गळून पडायला लागल्या. एका हातात दोन-सहा आणि एका हातात दोन-दहा असा सेट मिळत नाही, तो जोडीनंच विकणार. मी तशीच घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाही. ऑपरेशनला रडले नव्हते इतकी रडले बांगड्यांवरून, आणि हे कोणाला सांगायची लाज वाटत होती, इतकं मोठं निभावलं आणि बांगड्यांना काय रडतेस असं म्हणतील म्हणून.

रात्री ताईला फोन केला. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं मग प्रॉब्लेम काय आहे? तुझा डावा दोन-दहा, माझा उजवा दोन-दहा. एक डझन लहान घेऊ, एक डझन मोठ्या घेऊ, अर्ध्या तुला अर्ध्या मला. देवानं आपल्याला सेटमध्येच पाठवलंय.” मी रडता रडता जी हसायला लागले ती नवरा उठून बघायला आला काय झालं. दुसऱ्या दिवशी दोघी जाऊन घेऊन आलो, दुकानदारानं हिशोब समजावून घेतला तेव्हा तोपण हसला, आणि मोजताना प्रत्येक अर्ध्या डझनात एकेक बांगडी वरची घातली.

हळदीकुंकवाला आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. चार वर्षं झाली, दर संक्रांतीला तसंच करतो.

फिजिओ_मॅडम

वाचून फार बरं वाटलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे हात रोज बघते म्हणून काळजीपोटी एक सांगते. सुजलेल्या हातात काचेच्या बांगड्या नको हो. एखादी पिचली आणि बारीक चीर पडली तरी त्या हातात इन्फेक्शन फार लवकर पसरतं. हात लाल होणं, गरम लागणं, थंडी वाजून ताप, असं झालं तर सकाळपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे, अँटिबायोटिक लगेच सुरू व्हावं लागतं. लाखेच्या किंवा धातूच्या गुळगुळीत, सैल, तासा-दोन तासांपुरत्या घाला.

आणि दुसरं, अजून खूप बायका मला सांगतात की ‘त्या हातानं पाण्याचा तांब्यापण उचलू नको’ असं त्यांना सांगितलंय. २००९ मध्ये अमेरिकेत लिम्फेडेमा असलेल्या १४१ बायकांवर अभ्यास झाला, त्यात आठवड्यातून दोनदा स्लीव्ह घालून हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट दुखणं उफाळून येण्याचं प्रमाण कमी झालं. शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात, पण हात वापरायचा. हात बांधून ठेवला की हाताबरोबर बाईपण घरात बांधली जाते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिळगूळ_दोन_सहा

मॅडम लाखेच्याच आहेत. पहिल्या वर्षी काचेच्या घेतल्या होत्या, मग आमच्या फिजिओनंच दटावलं. पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कोणीतरी वाचेल.

बडोदेकर_बाई

मी बडोद्याची, माहेर इंदूरचं, तिळगूळताई तुमचं वाचून डोळे भरून आले.

माझ्या मिस्टरांचं स्वरयंत्र २०१९ ला काढलं. ते गळ्याला मशीन लावून बोलतात, इलेक्ट्रोलॅरिंक्स, त्याचा आवाज एका सुरातला, कंपन्यांचे रेकॉर्डेड फोन येतात ना तसा. ते कोणालाही फोन करतात आणि हॅलो म्हणाले की समोरचा कट करतो! सुरुवातीला फार लागायचं त्यांना. गॅसवाला कट, बँक कट, स्वतःचा मेहुणा कट. मग त्यांच्यासारखेच एक गृहस्थ भेटले, तेही मशीनवर बोलणारे, आणि दोघांनी ठरवलं की रोज रात्री ९ ला एकमेकांना फोन करायचा आणि सुरुवातच अशी करायची, “नमस्कार, कॅरमसाठी एक दाबा, भजीसाठी दोन दाबा.” मी स्वयंपाकघरात असते, दोन मशीनचे आवाज ऐकू येतात आणि मध्येच काहीच ऐकू येत नाही, तेव्हा समजायचं की दोघं हसतायत. जुनी_इंदूरकर, तुम्ही अण्णांचं लिहिलंत ना, हसणं फक्त दिसतं, अगदी अगदी तसंच.

पण तुमच्या सुनेची बाजूही मी बघितलीय म्हणून लिहिते. घरातल्याच एका लग्नात जेवताना एका नातेवाइकानं त्यांच्या आवाजाची नक्कल केली. त्याला वाटलं हे स्वतः चेष्टा करतात तर चालेल. हे ताट तसंच ठेवून उठले आणि गाडीत जाऊन बसले, घरी येईपर्यंत मशीन खिशातून काढलं नाही. पाच दिवस बोलले नाहीत. शब्द तेच असतील कदाचित जे तो मित्र बोलतो, पण त्या मित्राच्या गळ्यालापण भोक आहे. त्यालापण अंघोळीच्या वेळी पाणी आत जाईल म्हणून मान वाकवून बसावं लागतं. ह्या माणसाला फक्त मजा हवी होती.

जुनी_इंदूरकर

बडोदेकर बाई, हेच हेच, मला सुनेला हेच सांगायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. आमच्याकडे कोणी नियम लिहिला नाही पण आहे तो असा की ज्याचं दुखणं त्यानं आधी त्याच्यावर बोलायचं, मग बाकीच्यांना परवानगी. नानांनी सहा महिने स्टोमाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आम्हीपण नाही. गाडीत सहा-सहा तास पाणी न पिता बसायचे, पिशवी भरेल म्हणून. एकदा मेघदूत बागेत बसलो होतो, आवाज आला, आम्ही सगळे झाडाकडे बघायला लागलो, आणि नाना स्वतः म्हणाले, “माफ करा, शेजारी आहेत.” त्या दिवसापासून शेजारी आमच्या टोळीत आले.

स्पष्ट_बोलतो

राग मानू नका पण मला हे पटत नाही. माझे वडील ह्याच आजारानं गेले. शेवटचं वर्षभर येणारा जाणारा त्यांना म्हणायचा ‘हसत राहा, पॉझिटिव्ह राहा’, आणि ते बिचारे दुखत असताना लोकांसाठी हसायचे. आम्हाला वाटायचं बाबा खंबीर आहेत. शेवटी शेवटी एका रात्री मला म्हणाले, आता मला हसायला लावू नका रे. तेव्हापासून आजारात हसणं वगैरे ऐकलं की मला त्रास होतो. दुःख झाकायचा प्रकार वाटतो. आणि हास्यक्लब काढलेतच की गावोगावी, तिथे जाऊन हसा की.

जुनी_इंदूरकर

दादा, राग कसला. तुमच्या बाबांचं वाक्य वाचून मी पाच मिनिटं फोन बाजूला ठेवला. लोकांसाठी हसावं लागणं ही फार मोठी शिक्षा आहे, मी भोगलीय, विग घालून भोगलीय.

हास्यक्लबला मी वर्षभर जात होते. डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ ला मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन ते सुरू केलं, आधी विनोद सांगायचे, विनोद संपले तेव्हा विनोदाशिवाय हसायचा व्यायाम काढला. चांगला आहे, छाती मोकळी होते. पण तिथे मी हात वर करून हसले की बाजूच्या बाई विचारायच्या हा हातमोजा का घातलाय, आणि मी म्हणायचे ऊन लागतं. आमच्या टोळीत मला ऊन लागत नाही.

तुम्ही झाकायचं म्हणालात म्हणून काकांची गोष्ट सांगते. काकांना गालाचा कॅन्सर झाला होता, तीस वर्षांची सुपारी-तंबाखू. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आखडला, तोंड उघडेना. नॉर्मल माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात, काकांच्या तोंडात एक बोट कसंबसं. त्यावर व्यायाम असतो, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या आणि तशाच धरून बसायचं, मग काही दिवसांनी एक वाढवायची. एक काडी म्हणजे दीड-दोन मिलिमीटर. काका रोज सकाळी ग्रुपवर फक्त आकडा टाकायचे. ९. मग ९. मग १०. आणि आम्ही खाली वाट्टेल ते लिहायचो. अण्णा लिहायचे ‘भिया, १५ झाल्या की सराफ्यात कुल्फी, काडी आम्ही ठेवू’. नाना लिहायचे ‘शेजारी टाळ्या वाजवतायत’. आमच्यातला प्रत्येक जण कुठेही कुल्फी खाल्ली की काडी धुऊन पर्समध्ये ठेवतो, माझी नात तर शाळेतून मैत्रिणींच्या आणते. १४ काड्या झाल्या तेव्हा आम्ही खरंच सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेलो, रात्री दहाला, काकांनी भुट्ट्याचा कीस खाल्ला, दूध जास्त, मिरची नाही, लाळ कमी असते ना त्यांना म्हणून प्रत्येक घासाबरोबर घोट घोट पाणी. अकरा वर्षांनी सराफ्यात उभं राहून खाल्लं म्हणाले. गराडू, म्हणजे तळलेला कंद, नुसतेच हुंगले.

मग एकदा तीन दिवस आकडा आला नाही. पहिल्या दिवशी वाटलं विसरले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी लिहिलं, ‘काका दुकान बंद का?’ उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी नाना रिक्षा करून घरी गेले. काकांचा गाल सुजलेला, काड्या ८ वर आलेल्या, आणि घरी त्यांनी सांगितलं होतं दात दुखतोय जरा. दोन महिन्यांपूर्वी एका ठिकाणी दाढ काढून घेतली होती, तिथे रेडिएशन झालंय हे ना त्यांनी सांगितलं ना कोणी विचारलं. रेडिएशन झालेल्या जबड्याला रक्तपुरवठा कमी असतो, दाढ काढली की जखम भरत नाही, हाड उघडं पडून खराब व्हायला लागतं. हे प्रत्येकानं लक्षात ठेवा, तोंडाला गळ्याला रेडिएशन झालं असेल तर दाताला हात लावू देण्याआधी सांगायचं, कितीही वर्षं झालेली असोत. नाना त्यांना त्याच संध्याकाळी घेऊन गेले, औषधं झाली, नंतर छोटं ऑपरेशन झालं, वाचला जबडा.

दादा, काकांनी घरात दुखणं झाकलं होतं, बायकोपासून, मुलापासून, आणि आमच्याशी त्यांना खोटा आकडा टाकवला नाही. मला नंतर म्हणाले, “तुम्हा लोकांना १४ लिहिलं असतं तर तुम्ही काहीतरी मजेशीर लिहिलं असतं आणि मला त्यावर हसता आलं नसतं.” मी त्यावर खूप विचार केला आहे.

स्पष्ट_बोलतो

ताई, वाचलं. दोनदा वाचलं. बाबांना असं कोणी नव्हतं, सगळे धडधाकट लोक होते भोवती, आम्ही धरून. एवढंच लिहितो सध्या.

घरचा_माणूस

मी स्वतः पेशंट नाही, बायको आहे. तिच्या किमोनंतर पायांच्या नसा गेल्या, तळपायाला मुंग्या आणि बधिरपणा, चार वर्षं झाली पूर्ण गेलं नाही. मी इथे जरा वेगळं लिहिणार आहे आणि कदाचित चुकीचं वाटेल पण खरं आहे.

ती तिच्या एका मैत्रिणीशी, तीपण किमो झालेली, फोनवर इतकी हसते, इतकी हसते, आणि मी खोलीत गेलो की हळू बोलते. मला वाटायचं मी काय चूक केली. मी तर सगळं केलं, सुट्ट्या काढल्या, डबे केले, गाडीत उशी ठेवली. मग एक दिवस विचारलंच. तर म्हणाली, “मी तुझ्यासमोर पायावर जोक केला ना की तू लगेच पायाकडे बघतोस. आणि मग तुझा चेहरा सांभाळायचं काम माझ्यावर येतं.” मला काही बोलता आलं नाही.

तर सूनबाईंना माझ्याकडून सांगा की त्या दारात उभ्या राहिल्या आणि चेहरा उतरला, ते प्रेमच आहे, पण त्या प्रेमाचं वजन आपल्या माणसाला पेलावं लागतं. मी आता ती फोनवर असली की बाहेर फेरी मारून येतो. तिचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू येतं, मी जरा वेळ जिन्यातच थांबतो.

रात्रपाळी

मी बहुतेक इथे सगळ्यात लहान, २६. मला सातव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला होता, एएलएल. लोकांना वाटतं लहानपणी झाला आणि संपला. एका औषधानं, डॉक्सोरुबिसिन, हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो आणि तो कधीकधी खूप वर्षांनी दिसतो, म्हणून मला अजून ठरावीक काळानं इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. मागच्या दोन वर्षांत पंपिंग थोडं कमी आलंय, गोळी सुरू आहे.

इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ म्हणून ग्रुप आहे, लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या मुलांचा, त्यातल्या एकीशी मैत्री झाली. आम्ही दोघं एकाच आठवड्यात इको करतो, ती तिच्या गावात मी इथे, आणि हृदयाच्या पंपिंगची टक्केवारी एकमेकांना पाठवतो. ती पहिल्यांदा म्हणाली, “५५! फर्स्ट क्लास नाही पण पास!” माझे ५० आले तेव्हा मी रिपोर्ट आईला दाखवायच्या आधी तिला पाठवला. तिनं लिहिलं, “कॉपी केली असतीस माझी तर.” मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून हसत होतो, मग रडलो पण, मग आईला फोन केला. आईला नीट सांगू शकलो कारण त्याआधी ते हसून झालं होतं.

काका-काकू लोकांना एक विनंती, स्थळं बघताना मुलाला कॅन्सर होता हे लपवायला सांगू नका. घरी ह्यावर रोज वाद आहे. असो, तो वेगळा धागा होईल.

परळ_पलासिया

रात्रपाळी, बाळा धागा काढच, आम्ही येऊ.

अवंतिकेचा विषय निघालाय तर एक कामाची गोष्ट, कित्येकांना माहीत नसते. उपचाराला किंवा ठरावीक चेकअपला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत आहे, स्लीपर आणि थ्री टायर एसीला पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला भरून घ्यायचा. उपचार संपून वर्षं झाली तरी चेकअपला चालते. मी पहिली तीन वर्षं पूर्ण पैसे भरून गेलो कारण कोणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं तेसुद्धा गाडीतल्याच एका पेशंटनं, कापलेली जीभ, अर्धं कळत होतं अर्धं नाही, त्यानं शेवटी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं. खाली लिहिलं होतं, ‘वाचलेल्या पैशाचा चहा’. पाजला मी, रतलामला, दोन दोन कप.

ग्वाल्हेरचा_नातू

एक विचारू का, टोळीतलं कोणी गेलं तर? माझ्या आजीच्या ग्रुपमधली एक जण गेली आणि आजीनं ग्रुपच सोडला. म्हणते आता कोणाशी जीव लावायचा नाही.

जुनी_इंदूरकर

नातूबाळा, हे कोणीतरी विचारणार हे माहीत होतं.

आम्ही सहा होतो. सहाव्या म्हणजे मावशी, सगळ्यात मोठ्या, पायांच्या नसा गेलेल्या, घरचा_माणूस तुम्ही लिहिलंत तसंच. त्यांना पायात चप्पल आहे की नाही कळायचं नाही. एकदा खजराण्याला गणपतीला गेलो, दर्शन घेऊन रिक्षात बसलो, पलासियाला उतरताना बघतो तर एकाच पायात चप्पल. परत जाऊया म्हटलं तर म्हणाल्या, “राहू दे गं, बाप्पाकडे राखायला ठेवलीय, पुढच्या वेळी घेऊ.” आणि पुढे कधीही काही सापडेना झालं, चष्मा, किल्ली, रिपोर्ट, की आमच्यात म्हणायचे बाप्पाकडे ठेवलंय.

मागच्या वर्षी आजार परत आला, फुप्फुसात. शेवटच्या महिन्यात आम्ही आळीपाळीनं जायचो. त्या काळात आम्ही फार हसलो असं मी म्हणणार नाही, खोटं बोलणं होईल. बहुतेक वेळा नुसते बसायचो. एकदा ऑक्सिजन लावलेला असताना त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, म्हटलं पाणी हवंय, तर म्हणाल्या, “आता दुसरी पण ठेवून येते.” मला कळायला एक क्षण लागला. मी हसले, त्यांना बघायचं होतं मी हसते का, मग डोळे मिटले त्यांनी.

त्या गेल्या त्या दिवशी आम्ही चौघं-पाच जण घरी गेलो तर दारातल्या स्टँडवर त्यांची ती उरलेली एक चप्पल अजून होती, टाकली नव्हती कोणी. नानांनी अण्णांना कोपरानं दाखवली. अण्णांचे खांदे हलायला लागले. तुला सांगते, अण्णांचा आवाज नसतो त्यामुळे मला आजपर्यंत माहीत नाही ते हसत होते की रडत होते, मी विचारलं नाही.

आजीला म्हणावं लगेच काही करू नको, वेळ घे. पण ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाला तरी सांग की आजीला फोन करत राहा. आम्हीपण मावशींनंतर दोन महिने भेटलो नव्हतो. काकांनी एक दिवस नुसता आकडा टाकला, ११, तेव्हा सगळे परत आले.

काड्यावाले_काका

मुलीनं हा धागा वाचून दाखवला. माझी इतकी कीर्ती झालेली माहीत नव्हतं. टाइप करायला वेळ लागतो म्हणून थोडक्यात लिहितो. आज सकाळी १३. दात काढण्याबद्दल ताईंनी लिहिलंय ते सर्वांनी गांभीर्यानं घ्यावं. सुपारी खाणाऱ्या तरुण मुलांनी तर माझ्या घरी यावं, मी काड्या दाखवतो, रागावणार नाही, फक्त दाखवतो.

नाना, शेजाऱ्यांना नमस्कार सांगा.

जुनी_इंदूरकर

काका १३!! शाब्बास!

आणि मंडळी, सुनेचं सांगायचं राहिलं. हा धागा मी तिला वाचायला दिला, सगळ्यांची उत्तरं, घरचा_माणूस यांचं तर तिनं परत मागून वाचलं. काही बोलली नाही. आज परत पाऊस म्हणून टोळी आमच्याकडेच होती, मी फिजिओला गेले होते तर यायला जरा उशीर झाला, पोहे तिनंच करून ठेवले होते. नानांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. कांदा अगदी नावाला होता.

शांत_वाचक

मी इथे कधी लिहीत नाही. ऑपरेशनला चौदा महिने झाले. मागच्या महिन्यापासून डावा हात जड वाटतो, घड्याळाचा पट्टा एक भोक पुढे गेलाय, घरी अजून सांगितलेलं नाही. मी रीजनल पार्कच्या जवळच राहते. रविवारी किती वाजता असता तुम्ही?

जुनी_इंदूरकर

साडेसातला, मोठ्या दरवाज्यातून आत आलीस की तळ्याच्या बाजूचा दुसरा बाक. पण पट्टा पुढे गेलाय म्हणतेस तर रविवारची वाट बघू नको, उद्याच डॉक्टरांना फोन कर आणि दोन्ही हातांचं माप घ्यायला सांग, सुरुवातीलाच धरलं तर पुष्कळ आटोक्यात राहतं. मी तुला खासगी निरोपात माझा नंबर पाठवलाय, एकटीला जायचं नसेल तर मी येते सोबत.

येताना पाण्याची बाटली आण. आणि उजव्या हाताचा बांगडीचा नंबर किती तुझा?